गाळलेले दोन दात

आमच्याकडं इंजिनाला कुणी इंजिन म्हणत नसे. इंजान म्हणत. विहिरीवरचं इंजान, पिठाच्या गिरणीचं इंजान, गुऱ्हाळावरचं इंजान. खटाव तालुक्यातलं आमचं गाव पावसाच्या वाटेवर नाही. ज्याच्या विहिरीवर इंजान, त्याच्या रानात चार गुंठे तरी हिरवं, असा साधा हिशेब होता. ते इंजान बंद पडलं की आबांना बोलावणं यायचं.

आबा म्हणजे माझे वडील. शाळा चौथी. किर्लोस्करवाडी १९१० साली माळरानावर वसली आणि त्या बाजूला गावोगाव पाना धरणारी माणसं तयार झाली. तशाच एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली आबांनी ऐन उमेदीतली सहा वर्षं काढली आणि मग आपल्या गावी येऊन पिशवी खांद्याला लावली.

आबांची एक रीत होती. बोलावणं आलं तरी विहिरीवर गेल्या गेल्या ते पिशवी उघडत नसत. आधी इंजनाचं मोठं चाक हातानं एक फेरा सावकाश फिरवत. त्या चाकावर छिन्नीनं मारलेली एक खूण असायची. पंपाची नळी सोडून ते चाक केसभर-केसभर पुढं घेत आणि पंपाच्या तोंडाशी डिझेल कधी हलतं ते बघत. डिझेल हललं की खूण कुठं आली ते पाहायचं. पिस्टन माथ्यावर पोचायच्या थोडं आधी डिझेल पडलं पाहिजे. आधी पडलं तर इंजान ठोके मारतं, उशिरा पडलं तर काळा धूर ओकतं. शेतकरी घाईला आलेला असायचा. "आबा, नोझल बदला, सगळे म्हणत्यात नोझल गेलाय." आबा म्हणत, "सगळ्यांच्या पैशानं आणायचाय का तुझ्या?" मग तो गप्प बसे.

आबांचं ते बोलणं मला पुढं फार उपयोगी पडलं. मी साताऱ्याला आयटीआय केलं आणि वडूजच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. विहिरींवर मोटारी आल्या, इंजनं भंगारात गेली. गाड्यांची इंजिनंही बदलली. कार्बोरेटर गेला, डिस्ट्रिब्युटर गेला आणि त्यांच्या जागी ईसीएम नावाचा एक डबा येऊन बसला. कधी पेट्रोल सोडायचं आणि कधी ठिणगी द्यायची, हे तो डबा ठरवतो. पण त्याला डोळे नाहीत. पिस्टन कुठं आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते काम करतो क्रँक सेन्सर.

गोष्ट आहे माझ्या दाजींच्या व्हॅनची. दाजी म्हणजे थोरल्या आक्काचे मालक. दोन म्हशी विकून आणि वर पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. वाडी-वस्तीवरच्या नऊ पोरी ते सकाळी वडूजच्या कॉलेजात सोडत आणि दुपारी परत आणत. सकाळचं कॉलेज साडेसातला आणि पहिली एसटी यायची त्यानंतर. म्हणजे ही व्हॅन होती म्हणून त्या पोरींचं अकरावी-बारावी चाललं होतं. त्यात आक्काची धाकटी, माझी भाचीही होती. बारावी सायन्सला.

पेट्रोल परवडेना म्हणून दाजींनी शहरातल्या एका गॅरेजात सीएनजीचं कीट बसवून घेतलं. गॅस भरायला हायवेपर्यंत जावं लागे, तरी महिन्याला हाताशी काही उरायला लागलं. चार-पाच महिने बरे गेले. मग गाडी मरायला लागली. सकाळी एका हाकेला सुरू व्हायची. दहा-पंधरा किलोमीटर गेलं, माळाचा चढ लागला, की एकदम बंद. आचका नाही, मिसिंग नाही, बटण दाबल्यासारखी बंद. वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की परत सुरू, जणू काही झालंच नाही.

दाजींनी मला सांगितलं नाही. पाव्हण्याला कशाला त्रास, हा एक विचार आणि कीट शहरात बसवलंय म्हणून दुरुस्तीही शहरातच, हा दुसरा. तिथं आधी पेट्रोल पंप बदलला. मग प्लग. मग इग्निशन कॉइल. मग कुणीतरी स्कॅनर लावला, त्यात पी ०३३५ असा क्रँक सेन्सरचा कोड आला, म्हणून सेन्सर बदलला. तरी गाडी मरतच होती. शेवटी एका मिस्त्रीनं कीटच्या डब्याला बायपास लावून बघितला, तरी मेली. म्हणून त्यानं निकाल दिला, "कीट चांगलंय. ईसीएम गेला. तीस-चाळीस हजार धरून चाला." तोवर चौदा हजार गेलेच होते.

एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर गाडी माळावर मेली आणि अंधार पडेपर्यंत सुरू झाली नाही. नऊ पोरी रस्त्याच्या कडेला. दुसऱ्या दिवशी दोघींच्या बापांनी सांगितलं, आता पोरगी घरी राहील. तिसऱ्या घरात तर "त्यापेक्षा उरकूनच टाकू" अशी भाषा सुरू झाली. स्थळ आधीच सांगून आलं होतं. तेव्हा आक्काच माझ्याकडं आली. म्हणाली, "तात्या, गाडी विकली तर कर्ज राहतंया, आन न्हाई विकली तर पोरींची शाळा जातीया. बघ बाबा काय हुतंया ते."

रविवारी गाडी गॅरेजात आणली. त्या वेळी माझा पुतण्या सुट्टीला आला होता. तो कोल्हापूरला इंजिनिअरिंगला. कॉलेजातल्या पोरांनी मिळून एका माणसाची रेसिंग गाडी बनवली होती. इंजिन मोटारसायकलचं आणि ते चालवायला बाजारातून आणलेला, लॅपटॉपवर प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर. पोरगं त्या कंट्रोलरशी तीन आठवडे झुंजलेलं होतं, आणि त्या झुंजीत क्रँक सेन्सरची पुरती नाडी शिकलं होतं.

आबा ऐंशी ओलांडलेले, दारातल्या खाटेवर माळ ओढत बसलेले. त्यांनी पुतण्याला विचारलं, "ह्या डब्याला पिस्टन दिसतो कसा?"

पुतण्या म्हणाला, "आबा, क्रँकच्या टोकाला दात असलेली लोखंडी चकती असते. तिच्यासमोर बोटभर सेन्सर. आत लोहचुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं. दात जवळ आला की वीज उठते, लांब गेला की उलटी उठते. डबा त्या लाटा मोजतो."

"मोजंल. पण सुरुवात कुठनं धरायची? गोल चकतीला पयला दात कुठला?"

प्रश्न बरोबर होता. पुतण्यानं आबांच्या हातातल्या माळेकडं बोट केलं. "तुम्हाला कसं कळतं माळ पुरी झाली ते?"

"मेरुमणी लागतो बोटाला."

"तसंच. साठ दातांची जागा असते, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. उरले अठ्ठावन. तो मोकळा भाग आला की डब्याला कळतं, एक फेरा झाला. काही इंजिनांत छत्तीस जागा आणि एक गाळलेला. तिथनं दात मोजत जायचं. साठ जागा म्हणजे दर दाताला सहा अंश."

आबा म्हणाले, "म्हंजी आमची छिन्नीची खूणच की." आणि परत माळ ओढायला लागले.

मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन फिरत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला २९०० दात त्या सेन्सरसमोरून जातात. त्यातला एक दात चुकीचा मोजला की डब्याचा हिशेब तुटतो. हिशेब तुटला की तो ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो, कारण भलत्या वेळी ठिणगी दिली तर इंजिनच खराब व्हायचं. म्हणजे गाडी मरते ती डबा बिघडला म्हणूनच असं नाही. पुष्कळदा डबा शहाणा असतो म्हणूनच मरते.

सीएनजी कीट आलं की या कामात आणखी एक डबा घुसतो. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी द्यावी लागते. त्यासाठी टायमिंग ॲडव्हान्सर नावाचा डबा क्रँक सेन्सर आणि ईसीएम यांच्या मधे बसवतात. सेन्सरचा निरोप आधी याच्याकडं येतो, हा तो थोडा सरकवतो आणि पुढं ईसीएमला देतो. गाडी पेट्रोलवर टाकली तरी हा डबा वाटेतून उठत नाही. नुसता न बदलता निरोप पुढं ढकलतो. म्हणून "पेट्रोलवर पण मरते, म्हणजे कीटचा दोष नाही" हे म्हणणं खरं नाही. ज्याच्या-त्याच्या तोंडी हे वाक्य असतं आणि त्या वाक्यापायी बरेच पैसे जातात.

आम्ही पार्टला हात लावला नाही. आधी दाजींना विचारलं, "गाडी मेली त्या वेळी आरपीएमचा काटा कुठं होता?"

दाजी म्हणाले, "आता ते कोण बघतंय? घाम फुटल्याला असतोय."

पण भाची शेजारच्या सीटवर बसायची. ती म्हणाली, "मामा, काटा झटक्यात शून्यावर येतो. गाडी तर उतारानं गिअरमध्येच पळत असते."

पहिला पुरावा तोच. गाडी गिअरमध्ये पळतीय म्हणजे चाकं इंजिनाला फिरवताहेत. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर येतो, याचा अर्थ डब्याला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. पेट्रोल संपलं असतं, कॉइल गेली असती, तर इंजिन मेलं तरी काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. एवढा एक प्रश्न शहरात कुणी विचारला असता तर पंप, प्लग आणि कॉइल, तिन्ही वाचले असते.

मग स्कॅनरचा कोड. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा, कपलर, सांधे, अर्थ, मधला डबा आणि ईसीएमची पिन, हे सगळं. कोड गल्ली सांगतो, घर नंबर सांगत नाही. घर आपण शोधायचं.

बॅटरी बघितली. सेल्फ मारताना साडेदहा व्होल्ट राहिले, म्हणजे ठीक. ती साडेनऊच्या खाली गेली असती तर डबेच झोकांड्या खायला लागतात आणि बाकीची तपासणी फुकट जाते. मग सेन्सरचा कपलर काढून मीटरनं वेटोळ्याचा रोध मोजला. नऊशे ओहमच्या जवळ. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारला, तर दीड व्होल्टच्या आसपास. बरंय.

दाजी म्हणाले, "दीड व्होल्ट? बॅटरी बाराची, आन हे दीडच?"

इथं भाची पुढं आली. "मामा, हे फॅरेडेचंच आहे की. आम्हाला आहे हे." १८३१ साली फॅरेडेनं शोधलेला नियम. चुंबकाचा प्रवाह जितक्या झपाट्यानं बदलेल तितकी वीज जास्त. सेल्फ मारताना क्रँक सावकाश फिरतो, मिनिटाला दोनशेच्या आसपास, म्हणून लाट लहान. तेच इंजिन जोरात फिरलं की तोच सेन्सर कितीतरी व्होल्ट काढतो. दुसऱ्या जातीचा, तीन तारांचा हॉल सेन्सर असतो; त्याला बाहेरून वीज द्यावी लागते आणि चाक हळू फिरो वा जोरात, त्याचा जबाब तेवढाच खणखणीत राहतो. दोन तारांच्या सेन्सरचा जीव मात्र वेगावर. म्हणून त्याची सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे सेल्फ मारण्याची. पुस्तकातलं पान बॉनेटखाली निघालेलं पाहून पोरीचा चेहरा उजळला.

आता दोष गरम झाल्यावरच येतो, तर तो गॅरेजात आणायचा कसा? घरातून केस वाळवायचा ड्रायर आणला. आधी सेन्सरवर गरम हवा सोडली. रोध थोडा चढला, कारण तांबं तापलं की रोध वाढतोच. पण तुटला नाही. म्हणजे हा सेन्सर तापून मरणारा नव्हे. पुष्कळ सेन्सर तसे मरतात, आतली तार तापून तुटते आणि गार झाली की परत चिकटते. पण इथं ते नव्हतं.

मग पुतण्यानं त्याचा स्कोप काढला. पुण्यात पासोड्या विठोबाच्या बोळातून आणलेला, लॅपटॉपला जोडायचा, दोन चॅनेलचा. एक टोक सेन्सरच्या तोंडाशी लावलं, दुसरं मधल्या डब्याच्या तोंडाशी. गाडी सुरू केली. पडद्यावर एकाखाली एक दोन लाटा चालायला लागल्या. वर-खाली, वर-खाली आणि मधे एक लांब मोकळी जागा. तेच ते गाळलेले दोन दात. वरची लाट स्वच्छ होती. खालची मात्र खरबुड्या भिंतीसारखी, जागोजागी बारीक काटे. प्रत्येक ठिणगीबरोबर एक काटा.

वायर धरून मागं गेलो. कीट बसवणाऱ्यानं सेन्सरची मूळ तार इंजिनाजवळच तोडली होती. कंपनीच्या तारेवर जाळीचं वेष्टन होतं. ते हातभर सोलून टाकलेलं. तिथनं मधल्या डब्यापर्यंत दोन साध्या तारा, त्याही कॉइलला खेटून नेलेल्या. सांधा डाग न देता नुसता पिळलेला, वरून काळी टेप, आणि तो सांधा सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर अंतरावर. टेप पाघळून गोंद झाली होती.

त्या सांध्यावर ड्रायर धरला. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. खालची लाट थरथरली, आखडली आणि सपाट झाली. इंजिन बंद. वरची लाट शेवटच्या फेऱ्यापर्यंत धडधाकट. भोवती जमलेल्या माणसांतनं "आं!" असा आवाज उठला. सांधा गार केला, गाडी सुरू झाली. परत तापवला, परत मेली. तीन वेळा करून बघितलं. एकदा जमलं तर योगायोग, तीनदा जमलं तर कारण.

आता बायपासचं कोडंही सुटलं. शहरातल्या मिस्त्रीनं बायपास लावला तो मधल्या डब्यापाशी. डबा वाटेतून निघाला, पण सेन्सरकडचा सांधा वाटेतच राहिला. म्हणून गाडी मेली, म्हणून डबा निर्दोष ठरला, आणि म्हणून आळ ईसीएमवर गेला. खरं म्हणजे सेन्सर निर्दोष, डबा निर्दोष, ईसीएम निर्दोष. दोष तिघांच्या मधल्या वाटेचा होता.

सांधा उघडला तर तांबं हिरवं पडलेलं. सगळं कापून काढलं. जाळीच्या वेष्टनाची, दोन तारा पिळलेली नवी वायर घातली. सांध्यांना डाग दिला, वर आकसणारी नळी चढवली, वाट कॉइल आणि सायलेन्सरपासून लांबनं काढली. वेष्टनाची अर्थ एकाच टोकाला दिली, डब्याकडच्या. दोन्ही टोकांना दिली तर वेष्टनातूनच वीज फिरते आणि आवाज अडवायच्या जागी आवाज आणते. डब्याची अर्थ रंगाच्या थरावर बोल्ट दाबून दिली होती, ती खरवडून नीट बसवली. सगळं मिळून सामान दोनशे रुपयांच्या आत.

गाडी मरायची थांबली. पण सेल्फ जरा लांब मारावा लागत होता. दाजी म्हणाले, "ते सेन्सर बदलल्यापासनंच हाय. चालतंय तेवढं." पुतण्या म्हणाला, "नाही, थांबा." त्यानं पडद्यावरची लाट मोठी करून दाखवली. गाळलेल्या दातांच्या अलीकडं-पलीकडं लाट ज्या बाजूला उठायला पाहिजे त्याच्या उलट उठत होती.

हाच धडा त्यांच्या रेसिंगच्या गाडीनं त्याला दिला होता. कंपनीचा ईसीएम आपल्या इंजिनाला ओळखून असतो. बाजारातला कंट्रोलर कोरा येतो. त्याला सांगावं लागतं, दात किती, गाळलेले किती, मोकळ्या जागेनंतर कितव्या दाताला पिस्टन माथ्यावर येतो, सेन्सर कुठल्या जातीचा. एवढं सगळं बरोबर सांगूनही त्यांचं इंजिन जरा वेग घेतला की हिशेब सोडायचं. कारण निघालं सेन्सरच्या दोन तारांची अदलाबदल. दात बरोबर समोर असतो त्या क्षणी लाट शून्यातून कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. तो क्षण पक्का, म्हणून कंट्रोलर तोच धरतो. तारा उलट्या झाल्या की लाट उलटी होते आणि कंट्रोलर दोन दातांच्या मधला क्षण धरायला लागतो. साध्या दातांना ते खपून जातं. पण गाळलेल्या दातांच्या जागी लाट लांब आणि सपाट असते. तिथं नेमका क्षण सापडत नाही आणि मोजदाद तिथंच चुकते. पोरांनी तारा बदलल्या, मग टायमिंग लाइट लावून कंट्रोलर म्हणतो ते १० अंश पुलीवरच्या खुणेलाही १० च दिसतात का ते ताडून पाहिलं, आणि मगच पुढं गेले. लॅपटॉप काहीही म्हणो, शेवटी साक्ष पुलीवरच्या खुणेचीच.

आमच्या व्हॅनमध्ये तारा उलट नव्हत्या. शहरात बसवलेला स्वस्तातला सेन्सरच आतनं उलटा गुंडाळलेला होता. मी विचारलं, "दाजी, जुना सेन्सर टाकला का?"

दाजी म्हणाले, "टाकतोय कशाला?" आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना सेन्सर काढला. आमच्याकडं कुणी काही टाकत नाही, हे किती बरं! त्याच्या टोकाला चुंबकानं लोखंडाचा कीस धरला होता. तो पुसला, रोध मोजला, गरम करून पुन्हा मोजला. ठणठणीत. बसवला, चकतीपासूनचं अंतर बघितलं, मिलिमीटरभर. सेल्फला हात लावला आणि गाडी सुरू. जो पार्ट पहिल्यापासून चांगला होता, तोच काढून त्याच्या जागी वाईट बसवायला दाजींनी पैसे मोजले होते.

त्या दिवशी गाडी पोरींसाठी दिली नाही. आधी सरकी पेंडीची पोती भरली आणि माळाचा चढ तीनदा चढलो, भर दुपारच्या उन्हात. काटा हलला नाही. मग सोमवारी व्हॅन निघाली. पहिल्या आठवड्यात सहाच पोरी होत्या. मी स्वतः त्या दोन बापांकडं जाऊन काय झालं होतं आणि काय केलं ते सांगून आलो. गाडी "आता बरी हाय" एवढ्यावर कुणी पोरगी पाठवत नाही. का मरत होती हे कळलं की पाठवतो. दोघी परत आल्या. तिसरीच्या घरी आक्का गेली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, पण पंधरवड्यात नववी सीट भरली. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल झाली, पुढं लेखी झाली. नऊही जणी परीक्षेला बसल्या.

मला त्यातून उमजलं ते पैशाचं गणित. अंदाज सगळेच करतात. मिस्त्री करतो, पार्टवाला करतो, पारावरचा रिकामा माणूस करतो. पण अंदाज चुकला तर पैसे गाडीवाल्याचे जातात, अंदाज करणाऱ्याचे नाही. दाजींचे चौदा हजार म्हणजे पतसंस्थेचे तीन हप्ते होते. कारण सापडायला लागले ते प्रश्न, मीटर, एक ड्रायर आणि पोराचा स्कोप.

तरी मोजण्याचे पैसे द्यायला माणूस कुरकुरतो. डॉक्टरनं सुई टोचली नाही तर फी कशाची, तसंच इथं. पार्ट बदलला तर हजार देतील, पार्ट शाबूत आहे म्हणून सांगितलं तर शंभर द्यायला जड जातं. म्हणून पुष्कळ मिस्त्री पार्ट बदलतात. त्यांनाही घर आहे. मी गॅरेजच्या भिंतीवर रंगानं लिहून घेतलं, 'तपासणी ३०० रुपये. दोष सापडल्याशिवाय पार्ट बदलला जाणार नाही.' पहिले सहा महिने लोक ते वाचून हसत. आता गॅसची कीटं वाढली, तशा कुठं-कुठं हिंडून आलेल्या गाड्याही माझ्याकडं वाढल्या. बहुतेकांच्या डॅशबोर्डात एखादी पिशवी असते, काढलेल्या पार्टांची. मी आधी ती उघडायला लावतो.

कीट बसवून घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो. क्रँक सेन्सरची तार कुठं तोडणार ते उभं राहून बघा. सांध्याला डाग द्यायला लावा, टेपवर भागवू देऊ नका. तार कॉइलपासून आणि सायलेन्सरपासून लांब न्यायला सांगा. आणि जुना पार्ट निघाला तर मागून घ्या.

परवा एक जण ट्रॉलीवर गाडी घालून आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "तात्या, ईसीएम गेलाय म्हणत्यात सगळे. बदलून टाका."

मी म्हटलं, "सगळ्यांच्या पैशानं का तुमच्या?"

तो हसला आणि म्हणाला, "बरं, मोजा मग."